सीपी बेरारचा प्रेक्षक

मला सिनेमातलं काही कळत नाही हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर भांडण नको. कॅमेरा, प्रकाशयोजना, एडिटिंग ह्यांवर बोलणारे दोन-तीन जण आमच्या ऑफिसात आहेत. सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी त्यांचं सत्र भरतं आणि मी मुकाट्यानं ऐकून घेतो. आपण आपलं तिकीट काढून (हल्ली घरी लोळत) पिक्चर बघणारी साधी माणसं. मारामारीचे, भुताचे, रडके, हसवे, अंतराळातले, सगळे चालतात. फक्त एक आहे, मी ते बघतो चांदूर रेल्वेचा माणूस म्हणून. पुण्यात येऊन अठरा वर्षं झाली तरी ते काही सुटत नाही.

चांदूर रेल्वे म्हणजे बडनेऱ्याच्या पुढं, धामणगावच्या अलीकडं. (चांदूर बाजार वेगळं. तेही अमरावती जिल्ह्यातच, त्यामुळे आमच्या लग्नपत्रिका अधूनमधून फिरून येतात.) मुंबई-हावडा मेन लाइन गावातून जाते, गावाच्या नावातच रेल्वे आहे, आणि बऱ्याच गाड्या मात्र धूळ उडवत तशाच पुढं निघून जातात. लहानपणी आम्हाला पिक्चर म्हणजे अमरावती. एसटीनं तीसेक किलोमीटर. तिथं चौकांची नावंच टॉकिजांवरून पडलेली, चित्रा चौक, प्रभात चौक, श्याम चौक. काम पिक्चरचं असो नाहीतर शर्टाच्या कापडाचं, रिक्षावाल्याला टॉकीजच सांगायची. ह्या टॉकिजांत मी जे काही पाहिलं त्यात दहातले नऊ हिंदी. मराठी पिक्चर लागायचा तो कधीतरी, पुण्यात त्याचं पोस्टर पावसानं धुऊन गेल्यावर.

असं का, हे मला पुण्यात आल्यावर कळलं. सिनेमाच्या धंद्यात महाराष्ट्र नावाचं राज्यच नाही! वितरणासाठी देशाचे जे तुकडे पाडलेत त्यांना टेरिटरी म्हणतात. मुंबई-पुणे-कोल्हापूर हे मुंबई टेरिटरीत, सोबत गुजरात. मराठवाडा निझाममध्ये. आणि आम्ही? आम्ही सीपी बेरार. म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार, नागपूर राजधानी असलेला इंग्रजांच्या वेळचा प्रांत. १९५० साली त्याचं नाव मध्य प्रदेश झालं. १९५६ साली विदर्भ तिथून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. निझामाचं राज्य तर १९४८ सालीच बुडालं. पण पिक्चरचा धंदा किती झाला ह्याच्या आकड्यांत आजही सीपी बेरार आणि निझाम दिसतात. कोणीतरी एकदा व्हेरिएबलला नाव दिलं, वरची सगळी सिस्टीम तीनदा बदलली, पण नावाला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. आमच्याकडं ह्याला लेगसी कोड म्हणतात.

आता सीपी बेरार विकत घेणारा माणूस रायपूर-जबलपूरचाही विचार करणार, तिथं मराठी पिक्चर कोण बघणार? त्यामुळे तो हिंदीवर पैसे लावतो. हा माझा आपला हिशोब. परिणाम मात्र डोळ्यांनी पाहिलाय. वऱ्हाडातला माणूस घरी मराठी बोलतो आणि टाळ्या हिंदीत मारतो.

तिकडून मराठी पिक्चरवाल्यांना आमची गरज पडली नाही, आणि त्याचंही कारण आहे. मराठी सिनेमातलं खेडं कोल्हापूरकडचं. प्रभात कंपनी १९२९ साली तिथंच निघाली, स्टुडिओ तिथं, नट तिथले, ऊस तिथला. 'सांगत्ये ऐका' १९५९ साली पुण्यात १३१ आठवडे चालला म्हटल्यावर पुढची कित्येक वर्षं पडद्यावरचा शेतकरी त्याच बोलीत बोलणार हे ठरूनच गेलं. 'आरं', 'कुटं', 'न्हाय'. अगदी २०१० सालचा 'नटरंग' घ्या. अतुल कुलकर्णीनं पैलवान आणि नाच्या असा जो शरीराचा कायापालट केलाय त्याला तोड नाही. (पिक्चर दुसऱ्या अर्ध्यात मात्र घाईत उरकलाय, काय वाटेल ते म्हणा.) पण तो बघताना मी पाहुणा असतो. माझ्या गावात उसाचा फड नाही, तमाशाचा फडही नाही. कपाशी, सोयाबीन, तूर आणि भजनी मंडळ. तुकडोजी महाराजांची मोझरी जवळच.

हसव्या पिक्चरांत आधी 'अशी ही बनवाबनवी' बाजूला काढून ठेवू. १९८८ सालचा. मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'मधली आहे हे कोणी शहाणपणानं सांगायला लागलं की मी उठून चहाला जातो. त्याच्यात एकही प्रसंग फुकट नाही, बास. बाकी विनोदी पिक्चर आणि मालिकांत वऱ्हाडी माणूस कुठं असतो? हवालदार, घरगडी, नाहीतर गावाकडून पिशवी घेऊन आलेला मामा. भारत गणेशपुरे आमच्या अमरावतीकडचे, 'चला हवा येऊ द्या'मधून त्यांनी वऱ्हाडी घराघरांत नेली, आणि त्यांची बोली अस्सल आहे, तिला माझा नमस्कार. माझी तक्रार त्यांच्या नकला करणाऱ्यांबद्दल. 'मले-तुले' टाकलं, वाक्याच्या शेवटी 'बे' चिकटवलं की झाली ह्यांची वऱ्हाडी. अरे बाबा, वऱ्हाडी माणूस ओरडत नाही. तो सावकाश बोलतो, वाक्य अर्ध्यावर सोडून देतो, आणि सर्वात झोंबणारी गोष्ट चेहऱ्यावरची रेषा न हलवता सांगतो. डोळ्याला 'डोया' आणि शाळेला 'शाया' म्हणतो ते हसू यावं म्हणून नाही म्हणत. मराठवाड्याचं नशीब ह्या बाबतीत जरा बरं. मकरंद अनासपुरेला 'कायद्याचं बोला'त (२००५) त्या बोलीतला वकील करायला मिळाला. कोर्टात उभा राहून तो केस लढवतो. मूळ अमेरिकन 'माय कझिन विनी'वरून घेतलंय हे खरं, पण बोलीला काळा कोट मिळाला. आमच्या वाट्याला खाकी हाफ पँट.

हसवून झालं की दुसरं काय? मेलेला वऱ्हाडी.

२००५-०६च्या सुमारास शेतकऱ्यांच्या आत्महत्या दिल्लीपर्यंत पोचल्या, २००६च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, आणि मग पिक्चरवाल्यांनाही आम्ही दिसलो. बुलडाण्याकडच्या सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यावर पिक्चर आला तो हिंदीत. 'पीपली लाइव्ह' (२०१०) सगळ्यांनी डोक्यावर घेतला. मलाही पहिला तास जबरदस्त वाटला. पण तो पिक्चर टीव्हीवाल्यांचा आहे. नत्था बिचारा आपल्याच पिक्चरमध्ये कोपऱ्यात बसलेला. दिग्दर्शिकेला नेमकं हेच दाखवायचं होतं म्हणे. असेल. पण दाखवायला म्हणून तिनंही त्याला कोपऱ्यातच बसवला ना!

'गाभ्रीचा पाऊस' (२००९) मात्र वेगळा. सतीश मनवरचा. एकतर नावच असं, की आमच्या घरी हा शब्द तोंडातून निघाला असता तर आईनं लाटणं फेकून मारलं असतं, आणि इथं तो पोस्टरवर! गोष्ट साधी आहे. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलाय. आता आपला नवराही तसंच करणार ह्या भीतीनं बायको पोराला बापाच्या मागं मागं पाठवते, घरात गोडधोड करते, आणि नवऱ्याला कळतच नाही की ह्या बाईला अचानक झालंय काय. त्याच्या डोक्यात पाऊस आणि पेरणी. लोक खदखदून हसत होते थिएटरात, शेतकरी आत्महत्येच्या पिक्चरला! आणि ते हसणं त्या माणसाला हसणं नव्हतं. गिरीश कुलकर्णी आमच्याकडचा नाही, पण त्याला ते सावकाश चालणं, ते अर्धं सोडलेलं वाक्य बरोबर सापडलंय. सोनाली कुलकर्णी, ज्योती सुभाष, सगळेच. शेवटाबद्दल मी अजून माझ्याशीच भांडतो, पण तो सांगत नाही.

ह्या पिक्चरची गोष्ट मी दादाला फोनवर सांगितली. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, चांदूरला शेती बघतो, आणि पिक्चरच्या बाबतीत माझं हायकोर्ट तोच. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पऱ्हाटी कोणती होती? बीटी काय?" मग जरा थांबून, "त्याच्यात तो मरते काय?" मी म्हटलं ते सांगितलं तर मजा जाईल. तर म्हणाला, "मंग नाही पाहत."

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला त्या पिक्चरकडं येतो. 'इंटरस्टेलर'. २०१४ साली ऑफिसच्या पोरांसोबत पाहिला, २०२५च्या फेब्रुवारीत परत लागला तेव्हा आयमॅक्सवर पुन्हा पाहिला. बाहेर आल्यावर पोरं वर्महोल, ब्लॅकहोल, पाचवी मिती ह्यावर तासभर बोलली. मी अजून मक्यातच होतो. कारण माझ्या मते त्या पिक्चरची पहिली चाळीस मिनिटं हा आजवर निघालेला सर्वात चांगला वऱ्हाडी पिक्चर आहे. हसू नका. धूळ बघा. पिकांवर एकामागून एक रोग येतोय, एकजण भेंडीचं शेवटचं पीक जाळून टाकतो, आता फक्त मका उरलाय आणि तोही जाणार हे सगळ्यांना माहीत आहे, तरी पेरतायत. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भाच्या कपाशीचं जे केलं ते ज्यानं पाहिलंय त्याला हे सायन्स फिक्शन वाटायचं नाही.

आणि मग शाळेतला तो प्रसंग. मुलाचा बाप इंजिनिअर आहे, त्याला पोराला कॉलेजात पाठवायचंय, आणि मास्तर सांगतो की जगाला इंजिनिअर नकोत, शेतकरी पाहिजेत. आमच्याकडं बरोबर उलटं. गल्लीतल्या प्रत्येक मोठ्या माणसानं आम्हाला हेच सांगितलं की काहीही कर, पण शेतीत पडू नको. पण घरात पोरं दोन. शेतावर एकजण लागतोच, आणि दोघांची फी एका वर्षात निघत नाही. मी गेलो, दादा राहिला. कोणी बसून ठरवलं नव्हतं, वयाचा हिशोब तसा पडला.

'इंटरस्टेलर'मध्येही दोन पोरं आहेत, आणि हे कोणी बोलतच नाही. मर्फ हुशार, ती शास्त्रज्ञ होते. टॉम शेतावर राहतो. बाप अंतराळात गेल्यावर वर्षानुवर्षं त्याला व्हिडिओवर निरोप पाठवतो तो टॉमच, मर्फ तर रुसून बसलेली असते. टॉमचं पहिलं पोर जातं. घरातल्यांच्या छातीत धूळ बसते. तो हलत नाही. आणि मग त्याला घरातून बाहेर काढायचं म्हणून शिकलेली बहीण काय करते? त्याच्या उभ्या पिकाला आग लावते. उभ्या पिकाला! थिएटरात कोणाला काही वाटलं नाही, सगळे त्या घड्याळात गुंतलेले. मला ब्लॅकहोलमध्ये पडल्यासारखं झालं. पुढं जग वाचतं, बाप शुद्धीवर येतो, मर्फ कुठाय विचारतो. टॉमचं काय झालं हे तो विचारत नाही. पिक्चरही सांगत नाही. जवळजवळ तीन तासांच्या पिक्चरमध्ये एक वाक्य नाही.

नोलनसाहेबांचं बाकी सगळं मान्य. पण त्यांनी टॉमला वाऱ्यावर सोडलं हे माझं मत कायम. दादाला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो पिकाच्या आगीपाशी बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पीकविमा होता काय त्याचा?"

अजून एक सांगतो, मग पुढं जाऊ. ह्या पिक्चरसाठी नोलननं कॅनडात खराखुरा ५०० एकर मका पेरला होता, आणि शूटिंग झाल्यावर उरलेला विकून त्यावर नफा कमावला. हे ऐकून दादा म्हणाला, "त्याले म्हणा एक वर्ष चांदूरले ये."

ह्यानंतर मी जुने पिक्चर ह्याच नजरेनं बघायला लागलो. 'स्वदेस' घ्या (२००४). परत नासा! पंचवीस पैशांना पाणी विकणारा पोरगा आला की माझेही डोळे भरतात, दर वेळी. पण शेवटी गावात वीज कोण आणतो? अमेरिकेहून आलेला. इतकी वर्षं त्या गावात राहिलेल्यांनी काय फक्त वाटच पाहिली? 'सैराट' (२०१६) मला फार आवडतो, त्यातलं दुसरं अर्ध जास्तच, हैदराबादेतला तो रोजचा संसार. पण कॅमेरा निघून जाणाऱ्यांसोबतच जातो, मागं राहिलेल्या मित्रांचं पुढं काय ते कळत नाही. 'सैराट'नं एक काम मात्र पक्कं केलं. करमाळ्याकडची बोली जशीच्या तशी ठेवली, आणि तरी आमच्याकडं लोकांनी गर्दी करून पाहिला. तेव्हा 'वऱ्हाडी बाहेर कोणाला समजणार नाही' हे कारण यापुढं कोणी देऊ नये. त्याच गोष्टीचा 'धडक' करताना ती उचलून उदयपूरला नेली, सगळं घासूनपुसून चकचकीत केलं, आणि गोष्टीतला जीव गेला. प्रेमाचा विषय निघालाच आहे तर, 'दिलवाले दुल्हनिया'तल्या सरसोंच्या शेतासारखं कपाशीच्या शेतात पळून दाखवा. वाळलेल्या बोंडाची टोकं हाता-पायाला लागली की गाणं पहिल्या ओळीतच संपेल.

भुताचे पिक्चर मी फार बघत नाही, कारण घाबरायला होतच नाही. 'झपाटलेला'तला तात्या विंचू हा अपवाद, तेव्हा मी शाळेत होतो. 'तुंबाड' (२०१८) अप्रतिम, २०२४ साली परत लागल्यावर पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला ते योग्यच झालं. पण त्यात सुरुवातीपासून जो धो धो पाऊस पडतो तो बघून आमच्या गावच्या माणसाला भीती वाटत नाही. हेवा वाटतो.

'कोर्ट' (२०१५ला लागला) ऑफिसातल्या मंडळींनी सक्तीनं दाखवला. कोर्ट सुटतं, दिवे बंद होतात, तरी कॅमेरा तिथंच, आणि आपण अंधार बघत बसायचं. चुळबुळ झाली, खोटं कशाला बोला. पण नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार नागपूरचे, चळवळीतले, नट नव्हेतच. त्यांच्या बसण्यात जे आहे ते अभिनयाच्या शाळेत शिकवत नसावेत. २०२१ साली ते करोनात गेले. 'झुंड' (२०२२) तर नागपूरचाच. अमिताभपेक्षा ती पोरं भारी, आणि त्यांची ती नागपुरी हिंदी ऐकून मी खुर्चीत उडालो. अर्धा तास कापायला हवा होता. शेवटचा विमानतळावरचा प्रसंग सोडून कुठलाही.

राहता राहिला दादाचा आवडता प्रकार. हिंदीत डब केलेले दक्षिणेकडचे पिक्चर, शेतातल्या खोपडीत, मोबाइलवर. ऑफिसातले लोक ह्याला नाक मुरडतात. मीही बरीच वर्षं हसायचो, पण 'पुष्पा' (२०२१) नीट बसून पाहिला आणि वाटलं, हे लोक त्याला का आवडतात ते उघड आहे. हीरोच्या पायाला माती असते. तो मजुरी करतो, चप्पल झिजलेली असते, आणि पिक्चर त्याला ना हसतो ना मारतो. मूळ तेलुगूत अल्लू अर्जुन चित्तूर जिल्ह्याच्या बोलीत बोलतो, आणि ह्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेलुगू नटाला मिळालेला पहिला. हिंदीत आवाज दिला आपल्या श्रेयस तळपदेनं. म्हणजे सीपी बेरारमधल्या मराठी शेतकऱ्याला चित्तूरचा हमाल एका मराठी नटाच्या हिंदी आवाजात भेटतो आणि आपला वाटतो. ह्यावर काय बोलावं?

मला एक थ्रिलर पाहिजे. गाणी नकोत, बाहेरून आलेला कोणी नको, कोणी मरायला नको. कापूस खरेदी केंद्राच्या गेटबाहेर रात्री गाड्यांची रांग लागलीय. आपला माणूस चाळिसावा. ट्रॅक्टर भाड्याचा, भाडं तासावर. सकाळी भाव उतरणार अशी बातमी रांगेत फिरतेय, खरी की खोटी कोणाला माहीत नाही. आभाळ भरून आलंय, ताडपत्री एकच आहे आणि तीही फाटकी. बाजूला एक व्यापारी गाडी घेऊन उभा, आत्ता देतो म्हणतोय, रोख, पण शंभर-दोनशे कमी. सकाळ व्हायला सात तास. दोन तासांचा पिक्चर सहज होतो, आणि त्या माणसानं तोंडातून जे काढायचं ते सावकाश, अर्धं सोडून, वऱ्हाडीत.